तेवीस बूट

धान कापणीला आलं की मला अजूनही सुमनबाईंचा हेवा वाटतो.

तुमसरला आमच्या घराच्या गच्चीवर या दिवसांत सकाळी उभं राहिलं की राइस मिलचा वास येतो. धान उकडल्याचा, ओला, थोडा गोडसर. खालून पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर जातात आणि रस्त्यावर सांडलेलं धान चिमण्या टिपतात. या वासानं कुणाला माहेर आठवत असेल, कुणाला आई. मला एक बाई आठवते. ती माझ्यापेक्षा वयानं लहान होती, नोकरीत नवी होती, आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवायची. एवढं एक वाक्य मनातल्या मनात नीट म्हणायला मला कितीतरी वर्षं लागली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तुमसरपासून सायकलनं तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. गावात खोली घेतली होती. हे मिलमध्ये फिटर होते, रोज सायकलनं जाऊन येऊन करायचे. शाळेला दोन खोल्या, चार वर्ग आणि आम्ही तिघं. चौथीला ओसरीवर हेडमास्तर. तिसरीला मी. दुसऱ्या खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र, तिथे सुमनबाई. दोन खोल्यांच्या मधली भिंत एका पावसाळ्यात बसली होती, तिच्या जागी बांबूचा तट्टा ठोकला होता. इकडचं तिकडे सगळं ऐकू जायचं. माझ्या दुःखाची निम्मी जबाबदारी त्या तट्ट्याची आहे.

माझं नाव होतं त्या भागात. माझ्या वर्गातलं पोरगं तिसाचा पाढा उलटा म्हणायचं. पावकी, निमकी, दिडकी, सगळं तोंडपाठ. छडी मी फार वापरत नसे, टेबलावर नुसती ठेवून द्यायची. "बोरकरबाईच्या हाताखालून गेलेलं पोरगं हिशेबात चुकत नाही," असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकत नसल्यासारखं करून ऐकायचे.

सुमन भंडाऱ्याची. विणकराची लेक. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ती एसटीच्या टपावरून एक पत्र्याची पेटी उतरवून घेऊन आली. मला वाटलं कपडे असतील. पेटीत गोष्टींची पुस्तकं होती. तिचा भाऊ जवाहरनगरच्या फॅक्टरीत होता. तिथल्या क्वार्टरमधल्या साहेब लोकांची बदली झाली की त्यांच्या मुलांची पुस्तकं रद्दीत जायची, ती हा भाऊ उचलून आणायचा. काही हिंदी, काही इंग्रजी, काही बंगाली सुद्धा. गुळगुळीत कागद आणि पानभर रंगीत चित्रं. सुमननं प्रत्येक पानावरच्या मजकुरावर भाताच्या खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि त्यांवर आपल्या अक्षरात मराठी लिहिलं होतं.

"भाषेच्या तासाले का?" मी विचारलं.

"नाही बाई. गणिताले."

मी हसले. हेडमास्तरही हसले. ती हसली नाही. म्हणाली, "आमचे बाबा मागावर बसले का ताण्याचे धागे मोजतेत. मी लहान होतो तं मले बाजूले बसवून प्रत्येक धाग्याची गोष्ट सांगत. हा धागा बाजारात गेला, हा वाट चुकला. मी शाळेत जायच्या आंधी शंभरपर्यंत मोजत होतो, पन मोजून राहिलो हे मले माहीतच नोतं."

ते आठ-पंधरा दिवस मी तट्ट्याच्या अलीकडे बसून काय काय ऐकलं. एक ससा बोरं गोळा करायचा आणि त्याच्या झोळीला भोक होतं. प्रत्येक पानावर तीन बोरं गळायची. "आता किती उरले?" असं सुमन विचारायची नाही. ती विचारायची, "आता घरी पाच भाऊ वाट पाहून राहिले. पुरतील का?" मग तिकडे कल्ला. पुरतील, नाही पुरतील, एकाले नाही भेटत, त्यानं अर्धं खावं. माझी तिसरीची मुलं पाढा म्हणता म्हणता मध्येच थांबायची. त्यांनाही जाणून घ्यायचं असायचं की पुरतात की नाही.

आणि कापणी सुरू झाली.

ज्यांनी धानाच्या मुलखात शाळा चालवली आहे त्यांना कापणीचे दिवस सांगायला नकोत. आईबाप पहाटे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरतात. मोठी पोरं भारे उचलतात, लहान पोरं सरवा वेचतात, म्हणजे कापून झाल्यावर मागे पडलेल्या लोंब्या गोळा करतात आणि त्या दुकानात देऊन मुरमुरे घेतात. शाळा ओस पडते. दरवर्षी पडायची. त्या वर्षी माझ्या वर्गात एकतीसपैकी नऊ मुलं उरली. पलीकडे सुमनची खोली गच्च भरलेली. मुरमुऱ्यांवर पाणी सोडून पोरं येत होती, कारण सशाचं काय झालं ते राहिलं होतं.

माझी मुलगी मीना त्याच वर्गात होती, दुसरीत. घरी मी स्वयंपाक करताना ती माझ्याजवळ बसून पाढे म्हणायची, हा आमचा नेम होता. त्या दिवसांत ती बसायची, पण पाढ्यांऐवजी सुमनबाई. सुमनबाईनं असं म्हटलं, सुमनबाईच्या अस्वलानं तसं केलं. एकदा मी तिला सात चोक विचारलं. तिनं डोळे मिटले, बोटं हलवली आणि म्हणाली, "अठ्ठावीस." मी म्हटलं, पाठ नाही का तुला, मोजतेस काय. ती म्हणाली, "मोजत नोतो आई. पाहून राहिलो होतो."

काय पाहत होती, ते मी विचारलं नाही. मला ते दिसत नव्हतं, एवढंच मला समजलं.

धानाला खोडकिडा लागतो तेव्हा बाहेरून ओळखू येत नाही. पान हिरवं असतं, खोड सरळ असतं. लोंबी येते ती मात्र पांढरी आणि पोचट. माझं तसं झालं होतं. सुमनशी मी गोड बोलत होते, डब्यातली चटणी तिला देत होते, आणि तट्ट्यापलीकडे हशा झाला की आत काहीतरी कुरतडत जायचं.

अशात तपासणीचं पत्र आलं. साहेब येणार. हेडमास्तर घाबरले. मी मनातून खूश झाले. म्हटलं, आता कळेल. साहेबाला काय ससा सांगणार आहे ही?

आदल्या दिवशी पाच वाजता शाळा सुटली. सुमन एक नवं पुस्तक हातात घेऊन माझ्याकडे आली. "उद्या हे सांगतो. पोराइनं पाह्यलं नाही अजून. हत्तीचे बूट." तिनं ते परत नेऊन आपल्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं आणि हेडमास्तरांकडे हजेरीपट द्यायला गेली, तिथूनच घरी गेली. तिची खोली झाडायची पाळी रेवंताची होती. रेवंता दुसरीतली, बारीक, सावळी, चित्रांवरून बोट फिरवत बसणारी मुलगी. ती झाडून गेली. मी पाढ्यांचा तक्ता टांगायला थांबले होते. तक्ता टांगून झाला आणि मी पलीकडच्या खोलीत गेले.

खरं सांगते, पान फाडायला गेले नव्हते. पाहायला गेले होते.

पुस्तक सुंदर होतं. जंगलात एक मोची दुकान टाकतो. पहिल्या पानावर एक हत्ती येतो, चार बूट घेतो. दुसऱ्या पानावर दुसरा हत्ती. असे पाच हत्ती आणि वीस बूट. मग सहाव्या पानावर एक हत्ती येतो, त्याच्या मागच्या पायात काटा गेलेला, पायाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि चेहरा असा की लग्नात जेवायला बसल्यावर पत्रावळ फाटलेल्या माणसाचा. तो म्हणतो, मला तीनच द्या. मला हसू आलं. एकटीच होते, मोठ्यानं हसले. आणि मग माझ्या लक्षात आलं की वीस आणि तीन तेवीस हे मी हसता हसता करून बसले होते. कुणी शिकवल्यासारखं वाटलंच नव्हतं.

तेव्हा मी ते पान फाडलं. शिवणीपासून, सावकाश, आवाज होऊ नये म्हणून. घरी येऊन चुलीत घातलं. मीना शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, उद्या सुमनबाई नवीन पुस्तक सांगनार आहेत." मी म्हटलं, हो का.

साहेब आले ते आधी माझ्या वर्गात. नऊ मुलांनी नऊ पाढे खडखडून म्हटले. साहेबांनी मान हलवली. "चांगलं आहे. उपस्थिती कमी दिसते, बाई."

"कापणी आहे, साहेब."

मग ते पलीकडे गेले. मला त्यांचा आवाज आला, "इथे कापणी नाही वाटतं." तट्ट्याला जिथे फट होती तिथे मी जाऊन उभी राहिले.

सुमननं गोष्ट सुरू केली. पाच हत्ती, वीस बूट. तिनं पान उलटलं आणि थांबली. पुढच्या पानावर मोची बुटांच्या राशीजवळ बसला होता आणि वर आकडा होता तेवीस. तिनं शिवणीत बोट घातलं. दोरा आणि कागदाची कडा तिच्या बोटाला लागली असणार. मला वाटलं, ती आता गोंधळेल, गोष्ट अर्धवट सोडेल, साहेब उठतील.

तिनं पुस्तक मुलांकडे वळवलं. "पोरं हो, मधातलं एक पान गेलं. आंधी वीस बूट होते, आता तेवीस झाले. त्या पानावर काय झालं असंल, हे आता आपल्यालेच शोधा लागंल."

पोरं पुस्तकावर वाकली. मग एकजण म्हणाला, "मोची मोजाले चुकला." दुसरा म्हणाला, "चौथा बूट उद्या देतो म्हनला असंल. उधार." एक पहिलीतलं पोर म्हणालं, "हत्तीचं पिल्लू असंल, त्याले तीनच पाय आले असतील अजून." साहेब हसले. सुमन म्हणाली, "हत्तीच पाह्यजे असं कोन म्हनलं?" आणि मग माझी मीना उभी राहिली.

"एक मास्तर आला," ती म्हणाली, "अन् एक बगळा. मास्तरले दोन अन् बगळ्याले एक. बगळा एकाच पायावर उभा राह्यते."

साहेब इतके हसले की त्यांनी चष्मा काढला. त्यानंतर अर्धा तास ती खोली तीनची कोडी घालत होती. तीन बगळे. एक कोंबडा आणि एक बगळा. लंगडी म्हैस. मग साहेबच म्हणाले, "आणि बूट पंचवीस असते तर?" साहेब स्वतः खेळात बसले होते. शेरेबुकात त्यांनी सुमनबद्दल अर्धं पान लिहिलं. माझ्याबद्दल दीड ओळ. मी फाडलेल्या पानानं तिचा सगळ्यात चांगला पाठ घडवला होता, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर माझ्या पोटच्या पोरीनं दिलं होतं. हेवा करायलाही माझ्याकडे काही उरलं नव्हतं, तरी मी करत होते.

इथपर्यंतचं मी कदाचित गिळलं असतं. पण मुलांनी विचार केला की पान कुणी फाडलं. खोली कोण झाडत होतं? रेवंता. चित्रांवर बोट कोण फिरवतं? रेवंता. सुमननं तिला एका शब्दानं विचारलं नाही, पण पोरांना कोण थांबवणार. "पानचोर" असं नाव पडलं. दुसऱ्या दिवशी रेवंता आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. कापणीचे दिवस, कुणाला वावगं वाटलं नाही. सुमनला मात्र वाटलं. मला म्हणाली, "रेवंताच्या मायनं मले वचन देल्लं होतं, पोरीले कापणीत नेनार नाही म्हनून. मी आयतवारी जाऊन पाह्यतो."

आता लाज वाटते, पण त्या क्षणीही माझ्या मनात आलं ते हे, की हिच्या आधी मी जायला पाहिजे.

रविवारी सकाळी जेवण उरकून मी गेले. धुऱ्या-धुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या बांधांवरून. दोन्ही बाजूंना कापलेलं धान वाळत पडलं होतं, ऊन कोवळं होतं, तळ्याकडून गार वारा येत होता. दूर रेवंताची माय आणि इतर बाया ओळीनं वाकून कापत होत्या. रेवंता मागे सरवा वेचत होती. मला पाहून ती उभी राहिली, हातातल्या लोंब्या पाठीमागे लपवल्या, जणू त्याही चोरीच्या.

"शाळेत काहून येत नाही?" मी विचारलं.

"पानचोर म्हनतेत मले."

"तू नाही फाडलं."

"मले माहीत आहे."

"मी फाडलं, रेवंता."

तिनं माझ्याकडे खालून वर पाहिलं. "तुमाले चित्र पाह्यजे होतं?"

"नाही."

"मंग काहून?"

शाळेतल्या एकाही माणसाला मी उत्तर दिलं नसतं. तिला दिलं. "सारे पोरं सुमनबाईचंच आयकतेत. माही मीनाबी. मले राग आला."

तिनं त्यावर विचार केला. लोंब्या पुढे घेतल्या, त्यातली एक सोलली, दाणा तोंडात टाकला. "मायनं माह्या भावाले नवा सदरा घेतला होता," ती म्हणाली. "मले नाही घेतलं काही. तं मी त्याच्या सदऱ्याची गुंडी तोडली."

"मग?"

"मंग मायनं मलेच लावाले लावली. सुई टोचली दोनदा." तिनं मला बोट दाखवलं. तिथे आता काही नव्हतं. "तुमी साऱ्या पोराइले सांगा. मी येतो मंग."

सोमवारी प्रार्थना झाली आणि मी सुमनच्या खोलीत शिरले. तिला वाटलं खडू संपला. "खडू देऊ का बाई?"

"नाही. पोराइशी बोलाचं आहे."

मी सांगितलं. तीन वाक्यांत. पान मी फाडलं, रेवंतानं नाही, आणि माझी चूक झाली. मीना दुसऱ्या रांगेत होती. तिनं मान खाली घातली आणि पाटीवर काहीतरी गिरवायला लागली. सुमन फळ्याजवळ उभी होती, तिच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.  मग मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, मंग त्या पानावर काय होतं?"

त्या खोलीत ते पान पाहिलेल्या आम्ही दोघीच होतो.  मग मीच सांगितलं. एक हत्ती होता, त्याच्या पायात काटा गेला होता, फडकं बांधलं होतं. मला हत्ती सांगता येत नव्हता. पाढ्यासारखा सांगितला मी तो. तरी पोरं ऐकत होती.

"असं होतं का," तो मुलगा म्हणाला. थोडा हिरमुसला. "बगळा बरा होता."

मधल्या सुट्टीत सुमन विहिरीजवळ आली. "काहून फाडलं, बाई?"

रेवंताला सांगितलं तेच मी तिला सांगितलं. ती हात धूत राहिली. "मले वाटे, माझं शिकवणं तुमाले पटत नाही," ती म्हणाली. "पटलं म्हनून फाडलं, हे कसं समजाव?" तिनं पदराला हात पुसले आणि आत गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्या दिवसापासून तिच्या पेटीला कुलूप असायचं. मला ते बरोबरच वाटलं. रेवंता बुधवारी आली आणि पहिल्या रांगेत बसली.

पुढच्या जूनमध्ये सुमनची दुसरी माझी तिसरी झाली. मीना, रेवंता, तो बगळ्याचा कैवारी, सगळे. मी गणित घालायचे, एका माणसानं अठरा आंबे आणले, त्यातले सात दिले. ते उत्तर काढायचे आणि थांबून माझ्याकडे पाहायचे. "पुढं काय झालं?" आंबे देणारा माणूस कोण, सात का दिले, उरलेले कुणी खाल्ले. माझ्याकडे काही नसायचं. हळूहळू असायला लागलं. मी घरी भाजी चिरताना आंबेवाल्याला नाव द्यायचे, बायको द्यायचे, एक खोडकर मेहुणा द्यायचे. मला सुमननं शिकवलं नाही. सुमनच्या पोरांनी शिकवलं, आणि तेही त्यांना माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी तिची बदली झाली, पवनीच्या पलीकडे, धरणात जाणार म्हणून ज्या गावांची मोजणी चालू होती तिकडे. पेटी पुन्हा एसटीच्या टपावर चढली. निघताना ती माझ्याजवळ आली. मला वाटलं काही मनातलं बोलेल. म्हणाली, "बाई, तिसरीले अपूर्णांक शिकवताना चित्रानं नोका करू. खरी भाकर आणजा." आणि बसमध्ये चढली. मी भाकर नेली. तिचं बरोबर होतं. त्याचाही मला राग आला.

त्यानंतर ती मला भेटली नाही. दोनदा पत्र लिहावं असं वाटलं. दोनदा वाटलं एवढंच.

मी निवृत्त झाले तो समारंभ मोठा झाला. मंडप होता, शाल होती. नवे हेडमास्तर भाषणात म्हणाले की आज सगळीकडे गोष्टीतून गणित शिकवा असं सांगतात, पण आमच्या बोरकरबाईंनी ते या जिल्ह्यात कितीतरी आधी सुरू केलं, स्वतःच्या कल्पनेनं. टाळ्या झाल्या. मीना पहिल्या रांगेत होती, तिनं टाळी वाजवली नाही. मी बोलायला उठले आणि म्हटलं की ती कल्पना माझी नव्हती. ती सुमन लांजेवार नावाच्या एका बाईंची होती.

हेडमास्तरांनी शेजारच्या गुरुजींना विचारलं, कोण लांजेवार? त्यांनी खांदे उडवले. मंडपात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मीना आणि मी सोडून तिथे कुणालाच ती माहीत नव्हती. आणि मला, आता लपवून काय करू, क्षणभर बरं वाटलं.

मग मी माइक जवळ ओढला आणि तिचं नाव पुन्हा सांगितलं. गावासकट, मोठ्यानं.